ज्या वर्षात पाडवाच नाही, त्या वर्षाचं टार्गेट

1 एप्रिलला सकाळी नवीन वर्षाची टार्गेट शीट मेलवर आली आणि मी एक्सेल उघडायच्या आधी मोबाईलवर पंचांग उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या नवीन मुलीला वाटलं मी मुहूर्त बघतेय, घरात कुणाचं लग्नबिग्न असेल. म्हटलं अगं नाही, 2027 चा पाडवा कधीय ते बघतेय. तर तो आहे 7 एप्रिलला. म्हणजे 2026-27 ह्या आख्ख्या आर्थिक वर्षात गुढीपाडवा नाही. यंदाचा 19 मार्चला होऊन गेला, तो मागच्या वर्षात धरला गेला, आणि पुढचा पडतोय त्याच्या पुढच्या वर्षात. आणि शीटमध्ये काय, मागच्या वर्षाचा आकडा घेतलाय, त्यावर ग्रोथ लावलीय आणि भागिले 12.

थोडं मागे जाऊन सांगते म्हणजे हे मला इतकं का लागतं ते कळेल.

मी सातारा जिल्ह्यात एका दुचाकी डीलरशिपमध्ये एमआयएस, म्हणजे विक्रीच्या आकड्यांचे रिपोर्ट, बघते. मेन शोरूम, मग तालुक्याच्या गावांना ब्रँचेस, त्यांच्याखाली सब-डीलर. रोज सकाळी पावणेनऊला कालपर्यंतचे आकडे ग्रुपवर टाकायचे, ब्रँचचं नाव, महिन्याचं टार्गेट, आजपर्यंत झालं किती, टक्के, मागच्या महिन्यात ह्याच तारखेपर्यंत किती होतं, मागच्या वर्षी ह्याच तारखेपर्यंत किती होतं, आणि शेवटच्या कॉलममध्ये रंग. 80 टक्क्यांच्या खाली लाल, 95 पर्यंत पिवळा, वर हिरवा. आधी हे सगळं एक्सेलमध्ये होतं, मग मी शिकून शिकून पॉवर बीआय ह्या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरवर नेलं, आता मालकांच्या मोबाईलवरपण उघडतं. लोक बाकी काही बघत नाहीत हो, खरं सांगते, आकडे कुणी वाचत नाही, सगळे फक्त रंग बघतात. ज्याच्या नावापुढे लाल आहे त्याचा दिवस तिथंच गेला.

मार्च 2024 ची गोष्ट. आमच्या एका ब्रँचचे मॅनेजर आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात, वीस वर्षं ह्याच धंद्यात. त्यांची ब्रँच महिनाभर लाल. नुसती लाल नाही, मागच्या वर्षीच्या मार्चशी तुलना केली की बाण सरळ खाली. रिव्ह्यू कॉलवर त्यांना जे काय ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही, पण तिमाहीचा इन्सेन्टिव्हपण कापला गेला आणि तो फक्त त्यांचा नाही, खालच्या पोरांचापण. कॉलवर दादा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी कामासाठी मेन शोरूमला आले, माझ्या टेबलापाशी बसले, आणि पिशवीतनं बुकिंगची पावती पुस्तकं काढली. एकेक पान उलटत होते आणि प्रत्येक पावतीवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं 9 लिहून गोल केलेला. म्हणाले, "मॅडम, मागल्या साली गुढी 22 मार्चला होती. औंदा 9 एप्रिलला हाय. गिऱ्हाईक म्हणतंय गाडी पाडव्यालाच नेणार, मी त्याला मार्चात कसा काय काढू?"

मी गप्प बसले. कारण तो डॅशबोर्ड मी बनवलेला होता, फॉर्म्युला माझा होता, आणि दादांच्या हातात जे पुस्तक होतं ते माझ्या स्क्रीनपेक्षा जास्त खरं होतं.

मग एप्रिल आला आणि तीच ब्रँच हिरवीगार, मागच्या एप्रिलशी तुलना केली तर बाण छताला लागलेला, आणि त्याच ग्रुपवर टाळ्या आणि अंगठे. दादांनी मार्चमध्ये काही वेगळं केलं नव्हतं आणि एप्रिलमध्येपण काही वेगळं केलं नव्हतं. चंद्र फिरला, बाकी काही नाही.

त्या रात्री मी बसून तारखा काढल्या. 2022 चा पाडवा 2 एप्रिलला. 2023 चा 22 मार्चला. 2024 चा 9 एप्रिलला. 2025 चा 30 मार्चला, रविवार होता. आता ह्या तारखा एप्रिल ते मार्च अशा वर्षात टाकून बघा. 2022-23 मध्ये दोन पाडवे. 2023-24 मध्ये एकही नाही. 2024-25 मध्ये परत दोन. मग 2025-26 मध्ये एक आणि आत्ता जे सुरू झालंय त्यात शून्य. दुचाकीच्या धंद्यात पाडवा म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, साडेतीन मुहूर्तातला पहिला, सकाळी सहापासून शोरूमसमोर रांग, हार, नारळ, लिंबू, पुसून ठेवलेल्या गाड्या ओळीनं. आणि आम्ही काय करतो, दोन पाडव्यांच्या वर्षाची तुलना बिनपाडव्याच्या वर्षाशी करतो आणि वर विचारतो की ग्रोथ का नाही!

हे असं का होतं ते सोपंय. आपले सण तिथीवर, तिथी चंद्रावर, आणि चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं. म्हणजे दर वर्षी सण इंग्रजी तारखेनं दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, आणि मग साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो तेव्हा झटक्यात पुढे जातात. 2023 ला अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, म्हणून त्या वर्षी लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला गेलं. 2024 ला 1 नोव्हेंबर, 2025 ला 21 ऑक्टोबर. म्हणजे नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्ण दिवाळी, नोव्हेंबर 2024 मध्ये धनत्रयोदशी बाहेर आणि बलिप्रतिपदा आत, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये काहीच नाही. तीन नोव्हेंबर, तीन वेगळे महिने. नाव फक्त सारखं.

आणि पॉवर बीआयमध्ये मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी तुलना करायचं जे तयार फंक्शन आहे, सेमपिरियडलास्टइयर, ते तारखेला तारीख लावतं. त्याला पाडवा माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. वायटीडीच्या, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासून आजपर्यंतच्या बेरजेच्या, फंक्शनलासुद्धा वर्ष 31 मार्चला संपतं हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर ते 1 जानेवारीपासून मोजत बसतं, आणि मी अशा दोन-तीन रिपोर्ट बघितल्यात ज्यात वर्षभर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सॉफ्टवेअरचा दोष नाही त्यात. आपलं वर्ष कसं चालतं ते आपणच त्याला शिकवायचं असतं.

तर मी तारखेचं टेबल स्वतःच बनवलं. प्रत्येक तारखेपुढे वार, तिथी, पक्ष, सण, आणि जवळच्या मोठ्या मुहूर्तापासून किती दिवस लांब ते. पाडव्याच्या दिवशी शून्य, आदल्या दिवशी उणे एक, दहा दिवस आधी उणे दहा. मग मागच्या चार वर्षांचं रोजचं रिटेल, म्हणजे गिऱ्हाईकानं नेलेल्या गाड्या, ब्रँचवाईज काढून त्या अंतरावर बसवलं, तारखेवर नाही. आणि जे दिसलं ते बघून मला खूप भारी वाटलं, कारण तारखेवर बघितलं की नुसता गोंधळ दिसायचा आणि अंतरावर बघितलं की चारही वर्षांच्या रेषा एकीवर एक. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यातली शांतता, मग चढ, मग तो दिवस, मग दुसऱ्या दिवशीची कोसळ. अमावास्येला जवळपास रिकामं. शनिवारी कमी, कारण आमच्याकडं शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. पितृपक्षात तर बघायलाच नको. हे सगळं शोरूमच्या गेटवरच्या वॉचमनलापण माहीत होतं, डॅशबोर्डला तेवढं माहीत नव्हतं.

त्यावरून प्रत्येक दिवसाला वजन दिलं, जास्त गाड्या जाणाऱ्या दिवसाला जास्त, रिकाम्या दिवसाला कमी, आणि टार्गेट दिवसांवर त्या वजनानं वाटलं. एक उदाहरण देते, आकडे समजा म्हणून घ्या. येत्या ऑक्टोबरचं बघा, 10 ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या, 11 ला घटस्थापना, 20 ला दसरा. समजा ब्रँचला महिन्याचं टार्गेट 120 गाड्या. भागिले 31 केलं तर 10 तारखेच्या संध्याकाळी 39 व्हायला पाहिजेत. झाल्यात 16. म्हणजे 41 टक्के, लाल भडक. पण हे दहाच्या दहा दिवस पितृपक्षाचे, वजनानं बघितलं तर तोपर्यंत 15 च अपेक्षित. मग ती ब्रँच 107 टक्क्यांवर आहे, हिरवी. एकच ब्रँच, त्याच 16 गाड्या. आणि उलटंपण होतं बरं का, घटस्थापनेनंतर सात-आठ दिवस रोजचा आकडा साध्या भागाकारानं बघितला तर सगळे हिरवे दिसतात आणि खरं तर मुहूर्ताच्या मानानं मागे पडलेले असतात, तेव्हा सांगितलं तर दसऱ्याच्या आत काहीतरी करता येतं, स्टॉक हलवता येतो, फायनान्सवाल्याचा माणूस त्या ब्रँचला बसवता येतो. महिना संपल्यावर लाल दाखवून कुणाचं काय भलं होणारे?

आस्किंग रेटपण मी असाच काढते. उरलेल्या गाड्या भागिले उरलेले दिवस नाही, उरलेलं वजन. क्रिकेट बघणाऱ्याला हे पटकन कळतं, शेवटच्या पाच षटकांत पन्नास लागणं वेगळं आणि मधल्या षटकांत लागणं वेगळं.

दुसरी गोष्ट, कुठली तारीख मोजायची. आमच्याकडं एका गाडीला तीन तारखा असतात. बिलाची तारीख, आरटीओला नोंदणी झाल्याची तारीख, आणि गिऱ्हाईकानं गाडी नेली ती तारीख. 1 एप्रिल 2019 पासून नवीन गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, नंबर पडल्याशिवाय गाडी द्यायची नाही, म्हणून पाडव्याला जी गाडी जाते तिचं बिल आणि नोंदणी चार-सहा दिवस आधीच झालेली असते. मग 2022 चा पाडवा घ्या, 2 एप्रिल. डिलिव्हरी नवीन वर्षात, बिलं बहुतेक जुन्या वर्षाच्या मार्चमध्ये! मी वर दोन पाडवे म्हटलं ते डिलिव्हरीनं, बिलानं मोजलं तर उत्तर बदलतं. एका ब्रँचचा माणूस बिलावर बोलतोय, दुसरा डिलिव्हरीवर, अकाउंट्सवाले तिसऱ्याच आकड्यावर, आणि मीटिंगमध्ये अर्धा तास ह्यातच जातो की बरोबर कोण. सगळेच बरोबर असतात. मी आता डॅशबोर्डच्या डोक्यावरच मोठ्या अक्षरात लिहिलंय, आकडा डिलिव्हरीचा आहे. एवढी एक ओळ लिहिल्यावर भांडणं निम्मी झाली.

होलसेलचं तर वेगळंच. कंपनीचं टार्गेट डीलरनं किती गाड्या उचलल्या ह्यावर असतं, गिऱ्हाईकानं किती नेल्या ह्यावर नाही. पूर्वी आमचा पहिल्या पानावरचा आकडा होलसेलचाच होता. महिनाअखेरीला गाड्या उचलल्या की हिरवं, आणि गोडाऊनला गाड्या एकमेकींना टेकून उभ्या, वर व्याज चालू. आता पहिल्या पानावर रिटेल आणि त्याच्या शेजारी स्टॉक किती दिवसांचा आहे ते. होलसेल दुसऱ्या पानावर. ह्याच्यासाठी मला बराच वाद घालावा लागला आणि तो घातला ते बरं केलं असं मला आजही वाटतं.

ब्रँच ब्रँचमध्ये किती फरक असतो ते तर सांगायलाच पाहिजे. कराडच्या बाजूला पैसा येतो उसाच्या बिलावर, कारखाने दिवाळीच्या सुमाराला सुरू होतात, ऊस गेल्यावर बिल 14 दिवसांत द्यावं असा नियम आहे आणि प्रत्यक्षात कधी मिळतं ते शेतकऱ्याला विचारा. तिकडं डिसेंबर ते मार्च गिऱ्हाईक हलतं. माण-खटावला ऊस थोडा, पण तिथली किती घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगलेली, ती माणसं गावच्या जत्रेला येतात, आणि जत्रेच्या त्या चार दिवसांत घरच्या पोराला गाडी घेऊन देऊन परत जातात. त्या ब्रँचचा उंचवटा जत्रेला, कराडचा बिलाला, साताऱ्याचा पगारवाल्यांचा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. सगळ्यांना एकाच वजनानं मोजलं तर कुणीतरी फुकट मार खातं आणि कुणीतरी फुकट शाबासकी. म्हणून जत्रांचीपण यादी केली, ती मात्र इंटरनेटवर नाही मिळाली, ब्रँचच्या पोरांना फोन करून करून लिहून घेतली.

एवढं करूनसुद्धा मागच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला माझं सगळं वजनाचं गणित कोलमडलं. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक म्हणायला लागलं, थांबतो. बरोबरच आहे त्याचं, मी असते तर मीपण थांबले असते. 3 सप्टेंबरला ठरलं, 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींना 28 टक्क्यांवरून 18, लागू 22 सप्टेंबरपासून. मध्ये 27 ऑगस्टचे गणपती कोरडे गेले, वर 8 ते 21 सप्टेंबर पितृपक्ष. आणि 22 तारीख नेमकी घटस्थापना! ज्या दिवशी दर कमी झाला त्याच दिवशी नवरात्र बसलं. पाच आठवडे प्रत्येक ब्रँच लाल आणि मग एकदम नंबर पाडायला माणसं पुरेनात. ह्यात कुठल्या मॅनेजरची काय चूक? तेव्हापासून मी आलेखावर उभी रेघ मारून तिथेच दोन शब्द लिहिते, जीएसटी जाहीर, जीएसटी लागू. सहा महिन्यांनी कुणी तो खड्डा बघितला तर त्याला माझ्याकडं विचारायला यावं लागू नये.

अशा वेळी मला सगळ्यात उपयोगी पडतं ते ‘वाहन’ ह्या सरकारी गाडी-नोंदणी पोर्टलचं पब्लिक डॅशबोर्ड, रस्ते वाहतूक मंत्रालयाचं, कुणालाही बघता येतं, पैसे नाहीत, लॉगिन नाही. आरटीओ निवडायचा, एमएच 11 सातारा, एमएच 50 कराड, महिना आणि कंपनी निवडली की नोंदणी किती ते येतं. त्यातून आपला वाटा काढायचा. पाडवा मार्चमध्ये असो नाहीतर एप्रिलमध्ये, समोरच्या शोरूमलापण तोच पाडवा असतो. सगळा बाजार पडला आणि आपणपण तेवढेच पडलो तर वाटा तिथंच राहतो. पण बाजार वाढला आणि आपण टार्गेट गाठून हिरवे दिसतोय तरी वाटा घसरतोय, तर ते खरं लाल आहे, आणि ते रोजच्या टक्क्यात कधीच दिसत नाही. मी मालकांना सांगितलंय, एकच कॉलम बघायला वेळ असेल तर हा बघा.

तर परत 1 एप्रिलला येते. दुपारी मालकांच्या केबिनमध्ये शीट घेऊन गेले. म्हटलं, साहेब, ह्या वर्षात पाडवा नाहीये. ते म्हणाले, नाही म्हणजे? मी तारखा दाखवल्या, शेजारी 2023-24 चं आणि 2024-25 चं रिटेल ठेवलं. वर अजून एक सांगितलं की 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे लग्नसराईचा तो ऐन महिना रिकामा, लग्नाच्या गाड्या एकतर आधी जातील नाहीतर नंतर. दसरा 20 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर, म्हणजे दोन मुहूर्त दोन वेगळ्या महिन्यांत. साहेबांनी जुन्या अकाउंटंट काकांना आत बोलावलं, काकांनी कपाटातनं जुनी डिलिव्हरीची रजिस्टरं आणली, आणि आम्ही तिघं तासभर पानं उलटत बसलो. काका बोट ठेवून तारखा वाचत होते आणि मी लॅपटॉपवर जुळवत होते. सगळं जुळलं.

वर्षाचा एकूण आकडा कंपनीकडून आलेला, तो काही कमी झाला नाही, तो आमच्या हातात नाही. पण त्याची वाटणी बदलली. मार्च 2027 खाली आणला, एप्रिल-मेच्या पहिल्या पंधरवड्याला थोडं जास्त, अधिक महिन्याला कमी, ऑक्टोबर-नोव्हेंबरला वाढवलं, आणि प्रत्येक ब्रँचला तिच्या तिच्या वजनानं. संध्याकाळी सात वाजता नवीन शीट ग्रुपवर टाकली.

पाच मिनिटांत दादांचा फोन. "मॅडम, पुढचा मार्च इतका कमी कसा काय धरलाय? काय चुकलं का बघा."

म्हटलं, "दादा, पाडवा 7 एप्रिलला आहे."

पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "आसं व्हय. मग मार्चात बुकिंगं घेऊन ठेवतो, पावतीवर 7 लिवून." आणि मागं कुणालातरी हाक मारून पुस्तक मागितलेलं मला फोनवर ऐकू आलं.